तारांवरचं वेष्टन

मैना झोपली की काम होणार होतं, आणि मैना झोपायला तयार नव्हती.

आंबेझरीच्या ग्रामीण रुग्णालयाच्या आवारात ती पांढरी गाडी येऊन आठवडा झाला होता. गाडीत एक यंत्र होतं. लहान मुलाच्या डोक्यावर अलगद बसेल असं, टोपीच्या आकाराचं. पूर्वी मेंदूचं असं चित्र काढायचं तर शहर गाठावं लागे, खोलीएवढ्या चुंबकाच्या पोटात शिरावं लागे आणि तान्ह्या बाळाला भूल द्यावी लागे. नागपूरच्या डॉ. निलोफर काझी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अगदी दुबळ्या चुंबकावर चालणारं यंत्र तयार केलं आणि हे सगळं सोपं होऊन गेलं. बाळ आईच्या मांडीवर झोपलं की डोक्याला टोपी लावायची, आणि आईचा चहा होईपर्यंत पडद्यावर चित्र तयार. गावानं त्याला 'मेंदूची टोपी' असं नावही देऊन टाकलं होतं.

शेवटी मैना झोपली. प्रणिता कुळमेथेनं श्वास सोडला. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवायची. वर्गातली चाळीस मुलं तिच्या एका नजरेनं गप्प होत, पण अकरा महिन्यांची ही पोरगी तिला दाद देत नव्हती. शेजारच्या बाकावर तिची मोठी मुलगी केतकी पाय हलवत बसली होती. केतकी आठ वर्षांची, तिसरीतली. गोड मुलगी, पण बोलता बोलता मध्येच थांबायची. शब्द ओठांवर यायचा आणि तिथंच अडकायचा. वाचतानाही ओळ अर्ध्यावर हरवायची.

"मॅडम, हिचंही बघाल का?" प्रणितानं विचारलं.

"आमचा अभ्यास तीन वर्षांच्या आतल्या मुलांचा आहे," डॉ. काझी म्हणाल्या. मग केतकीकडे बघून हसल्या. "पण ये. तुझंही बघू."

दोन्ही चित्रं पडद्यावर शेजारी शेजारी उमटली. निळ्या झाडांसारखी दिसत होती. खोड पांढरं, फांद्या काही पांढऱ्या, काही निळ्याच राहिलेल्या.

"घरातली वायर बघितली आहे ना?" डॉक्टर म्हणाल्या. "तांब्याच्या तारेवर प्लास्टिकचं वेष्टन असतं. मेंदूतल्या तारांवरही तसंच चरबीचं वेष्टन चढतं. त्याला मायलिन म्हणतात. ते असलं की संदेश कितीतरी पटींनी वेगानं धावतो, मध्ये गळत नाही. बाळ जन्मतं तेव्हा फार थोड्या तारांवर वेष्टन असतं. मग पहिल्या दोन-तीन वर्षांत ते झपाट्यानं चढत जातं. आधी पाहण्या-ऐकण्याच्या तारांवर, मग हालचालीच्या, मग भाषेच्या. पांढरं दिसतंय ते वेष्टन."

"आणि निळं?"

"ते अजून उघडं आहे. मैनाच्या वयाला हा सगळा भाग पांढरा व्हायला हवा होता."

प्रणिता झोपलेल्या मुलीच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. "कशानं झालं हे?"

डॉक्टरांनी गाडीच्या खिडकीकडे मान वळवली. गावाच्या कडेला स्पंज आयर्नचा, म्हणजे कच्च्या लोखंडाचा, कारखाना होता आणि त्याच्या डोक्यावर करडा धूर सांडत होता. गावाला तो धूर इतका सवयीचा झाला होता, की त्याच्याकडे कुणी बघतही नसे.

"धुरातले मोठे कण नाकात, घशात अडकतात. ते आपण शिंकून, खोकून टाकतो. पण केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्शाहून बारीक कण फुफ्फुसात खोलवर जातात. त्यातले सगळ्यात बारीक रक्तातही उतरतात. काही तर नाकातल्या वासाच्या नसेवरून सरळ मेंदूत. मेंदूत झाडलोट करणाऱ्या पेशी असतात. एरवी त्या वेष्टन चढवणाऱ्या पेशींना मदत करतात. पण बाहेरचं काही घुसत राहिलं, की चवताळतात, आणि मग वेष्टन चढवणाऱ्या पेशींचंच काम बंद पाडतात. बाळ पोटात असतं तेव्हापासूनच हे सुरू होतं."

"चवताळलेल्या पेशी पुन्हा शांत होत नाहीत?"

डॉक्टरांचे डोळे चमकले. "होतात. तोच तर आमचा शोध आहे. हवा स्वच्छ मिळाली, की काही महिन्यांत त्या शांत होतात आणि राहिलेलं वेष्टन भरून निघायला लागतं. तीन वर्षांच्या आत. त्यानंतर..." त्यांची नजर केतकीकडे गेली आणि त्या थांबल्या.

"स्पष्ट सांगा, मॅडम."

"त्यानंतर भरून निघालेलं आम्ही पाहिलेलं नाही."

केतकी पडद्यावरच्या झाडाकडे बोट करून म्हणाली, "आई, माझं झाड छान आहे ना?"

"छान आहे," प्रणिता म्हणाली.

*

दिवाकर कुळमेथे त्याच कारखान्यात भट्टीचा पाळीप्रमुख होता. स्पंज आयर्नची भट्टी म्हणजे आडवा टाकलेला, हळूहळू फिरणारा लांबलचक लोखंडी नळ. त्यात लोहखनिज आणि कोळसा एकत्र भाजला जातो. त्यातून निघणारा धूर कापडी पिशव्यांच्या गाळणीतून न्यायचा आणि मगच धुराड्यातून सोडायचा, असा नियम. पण पिशव्या राखेनं तुंबल्या की भट्टीतला दाब वाढतो. अशा वेळी भट्टी मंद करून पिशव्या झटकायच्या असतात. भट्टी मंद केली की उत्पादन घटतं. दुसरा एक सोपा मार्ग होता. भट्टीच्या टोकाला वर एक मोठं झाकण होतं, अपघाताच्या वेळी उघडायचं. ते उघडलं की धूर न गाळता सरळ आभाळात.

संध्याकाळी दिवाकर घरी आला, तेव्हा मैना त्याच्या बुटाच्या नाडीला लोंबकळली. त्यानं तिला उचलून गालाला गाल लावला. प्रणितानं सगळं सांगितलं, अगदी शांतपणे, वर्गात सांगावं तसं.

"माझ्या पोरींना काही झालं नाही," तो म्हणाला. "यंत्र आहे, चुकलं असंल. धूर काय आजचा आहे? आम्ही नाही मोठे झालो?"

"तुमच्या लहानपणी इथं कारखाना होता?"

कारखाना आला तेव्हा तो कॉलेजात होता.

मैनाला खाली ठेवत तो म्हणाला, "असं कर. तू मैनाले घेऊन भामरागडले जाय, तुझ्या भावाकडे. तिथं जंगल आहे, हवा चांगली आहे. दोन वर्षं राहा. मी येत जाईन."

"आणि केतकी?"

"तिची शाळा आहे ना इथं."

"शाळा आहे म्हणून, की तिचं आता काही होणार नाही म्हणून?"

"प्रणिता!"

दाराशी केतकी उभी होती. तिनं किती ऐकलं होतं कोण जाणे. दिवाकर उठला, तिला स्कूटरवर पुढं बसवून चौकात घेऊन गेला. केतकीला रोज पाढे तोच म्हणवून घ्यायचा. ती अडली की तो कधी चिडत नसे. पुढचा आकडा ओठांतल्या ओठांत पुटपुटायचा, म्हणजे तिला वाटावं आपलं आपल्यालाच आठवलं. प्रणितानं या माणसाशी लग्न केलं होतं ते याच स्वभावासाठी. आणि याच माणसाचा हात भट्टीच्या झाकणाच्या खटक्यावर असतो, हे तिला आज पहिल्यांदा नीट दिसलं.

तो परत आला तेव्हा तिनं विचारलं, "झाकण किती वेळा उघडता तुम्ही?"

"तू मले हे काऊन विचारून राहिली?"

"मी नाही तर कोण विचारणार?"

तो मोरीवर गेला आणि हात धूत राहिला. हात कधीचे स्वच्छ झाले होते.

प्रणितानं भामरागडला जायचं नाही असं ठरवलं. मैनाला तिथं नेलं तर मैना वाचणार होती. पण शाळेत तिच्या समोर बसणाऱ्या मुलांना घरोघरी धाकटी भावंडं होती. त्या सगळ्यांचे मामा काही जंगलात राहत नव्हते.

*

टोपीचे निकाल गावभर झाले आणि सगळंच बिघडलं. फोनवर निरोप फिरू लागले, 'आंबेझरीची पोरं मंद.' तालुक्याच्या एका खाजगी शाळेनं प्रवेशाच्या वेळी टोपीचा रिपोर्ट मागायला सुरुवात केली. एक ठरत आलेली सोयरीक मोडली. मुलीकडचे म्हणाले, या गावात पोर दिली तर उद्या नातवंडांचं काय? एका सकाळी पंधरा-वीस बाप्ये हातात दगड घेऊन रुग्णालयाच्या आवारात घुसले. गाडी इथून हलवा, नाहीतर आम्ही हलवतो, असा त्यांचा सूर होता.

डॉ. काझी गाडीच्या दारात उभ्या होत्या. त्यांचा चेहरा उतरला होता. असं काही होईल हे त्यांच्या कुठल्याच आकडेमोडीत नव्हतं.

प्रणिता शाळेतून धावत आली आणि गाडीसमोर उभी राहिली. "बापू, तुमच्या नातवाचं चित्र मी पाहिलं," ती सगळ्यात पुढच्या म्हाताऱ्याला म्हणाली. "माझ्या पोरींसारखंच आहे. गाडी गेली तर ते चित्र बदलणार आहे का?"

"बदनामी तर थांबंल!"

"टोपीनं आपली पोरं अशी केली नाहीत. टोपीनं फक्त दाखवलं. आरशावर दगड मारून तोंड धुतलं जात नाही, बापू. मॅडम सांगतात, हवा साफ झाली तर लहान पोरांचं सगळं भरून निघंल. सगळं! हे कुणी ऐकलं का तुमच्यातल्या? 'मंद' तेवढं ऐकलं."

मागून एक बाई पुढं आली. कडेवर पोर होतं. "भरून निघंल म्हणजे? खरंच?"

"खरंच," डॉ. काझी म्हणाल्या. त्या गाडीतून खाली उतरल्या आणि तिथंच, आवारातल्या ओट्यावर, त्यांनी सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगितलं. तारा, वेष्टन, कण, चवताळणाऱ्या पेशी. दगड घेऊन आलेला एक तरुण शेवटी विचारू लागला, "मग कराचं काय, मॅडम?"

काय करायचं हे डॉक्टरांच्या हातात नव्हतं. ते कारखान्याच्या हातात होतं.

*

ग्रामपंचायतीच्या सभागृहात सभा भरली. कारखान्याचे व्यवस्थापक मोकाशी आले होते. माणूस सभ्य, बोलणं मऊ. ते म्हणाले, "आमची गाळणी उत्तम चालते. झाकण फक्त धोका असेल तेव्हा उघडतो. महिन्यातून एखाद्या वेळी. मुलांच्या वाढीची काळजी आम्हालाही आहे. त्याला घरातला धूर, चूल, आहार अशी बरीच कारणं असतात. अंगणवाडीला आम्ही खेळणी देऊ."

"घरोघरी गॅस आहे," प्रणिता म्हणाली. "चूल कुठं दाखवा."

"मॅडम, तुम्ही शिक्षिका आहात. पुराव्याशिवाय बोलू नये. आमच्या भट्टीवर काय चालतं, हे तुम्ही पाहिलं आहे का?"

प्रणितानं पाहिलं नव्हतं. डॉ. काझींनीही नाही. टोपीला वेष्टन दिसत होतं, खटक्यावरचा हात दिसत नव्हता. सभागृहात कुजबुज सुरू झाली. मोकाशींनी कागद गोळा करायला घेतले.

"मी पाहिलं आहे."

मागच्या रांगेतून दिवाकर उठला. पाळी संपवून तसाच आला होता, अंगात कंपनीचा निळा शर्ट, भुवयांवर राख. प्रणिताला तो येणार हे माहीत नव्हतं.

"मी झाकण उघडतो, साहेब. महिन्यातून नाही, रोज. कधी दिवसातून दोनदा, कधी चारदा. पिशव्या जुन्या झाल्या आहेत, लगेच तुंबतात. नव्या मागितल्या तर पुढच्या तिमाहीत बघू म्हणतात. भट्टी मंद केली तर उत्पादन काऊन घटलं म्हणून विचारतात. मग आम्ही खटका दाबतो. मीच दाबतो." तो थांबला. त्यानं भुवयांवरची राख पुसली. "माझ्या दोन पोरी आहेत. एकीचं भरून निघंल म्हणतात. दुसरीचं नाही."

मोकाशी म्हणाले, "दिवाकर, तू काय बोलतोस ते तुला कळतं का? उद्या नोकरी..."

"कळतं, साहेब. उद्यापासून माझ्या पाळीत झाकण उघडणार नाही. वीज गेली, माणसाच्या जिवाला धोका झाला, तर उघडीन. बाकी पिशव्या तुंबल्या तर भट्टी मंद करीन."

"आणि माझ्या पाळीत पण नाही," दुसऱ्या कोपऱ्यातून आवाज आला. तो दुसऱ्या पाळीचा प्रमुख होता, गेडाम. त्याचं पोर सहा महिन्यांचं होतं. तिसऱ्या पाळीचा प्रमुख नुसता उभा राहिला. त्याला बोलायची सवय नव्हती, पण तो उभा राहिला हे सगळ्यांनी पाहिलं. मग भट्टीवरचे, कोळशावरचे, क्रेनवरचे, एकेक करून सगळे उठले. खुर्च्या सरकल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

त्या गर्दीत प्रणितानं दिवाकरचा हात धरला. लोकांदेखत तिनं असं कधी केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दिवाकरला निलंबनाचं पत्र मिळालं. त्याच्या जागी पाठवलेल्या माणसानंही झाकण उघडलं नाही. त्याच्या जागी आलेल्यानंही नाही. भट्टी पिशव्यांच्या ताकदीनं, म्हणजे निम्म्या वेगानं, फिरत राहिली. कंपनी कुणाकुणाला घरी बसवणार होती? डॉ. काझींनी सगळी चित्रं प्रदूषण मंडळापुढं ठेवली, वर्तमानपत्रांत बातम्या आल्या. पावसाळा सुरू व्हायच्या आत नव्या पिशव्यांनी भरलेले ट्रक गावात शिरले. त्यांच्या मागोमाग दुसऱ्या गाळणीचं सामान आलं. दिवाकरला परत बोलावलं गेलं आणि नव्या गाळणीचा ताबा त्याच्याकडे दिला गेला.

शाळेच्या भिंतीवर हवा मोजणारी पाटी लावली होती. तिच्यावरचा आकडा आठवड्या-आठवड्यानं खाली येऊ लागला. प्रणितानं तो सातवीच्या मुलांना आलेखाचा धडा म्हणून दिला. दिवाळीपर्यंत आलेखाची रेघ कागदाच्या तळाशी आली. वाळत घातलेले कपडे पांढरेच राहू लागले, आणि बायकांना आधी तेच जाणवलं.

*

पांढरी गाडी परत आली तेव्हा वर्षाहून जास्त काळ लोटला होता. या वेळी रुग्णालयाच्या आवारात दगड नव्हते, रांगोळी होती. बायका पोरांना काजळ-पावडर करून घेऊन आल्या होत्या, जसं काही फोटो काढायचा आहे.

मैना आता दोन वर्षांची झाली होती आणि तिची बडबड थांबत नव्हती. झोप लागायला पुन्हा उशीर झाला. शेवटी झाड पडद्यावर आलं. फांद्यांच्या टोकापर्यंत पांढरं. डॉ. काझींनी टाळी वाजवली आणि मैना दचकून जागी झाली. गेडामच्या मुलाचं चित्र तसंच. बापूंच्या नातवाचं तसंच. प्रत्येक निकालाला बाहेर आरोळी उठत होती. कुणीतरी हलगी आणली. डॉक्टर हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या, दोन्ही एकदम.

प्रणिताही हसत होती. केतकी तिच्या पदराशी उभी राहून सगळं बघत होती.

"मलापण टोपी घालायची," ती म्हणाली.

डॉक्टरांनी प्रणिताकडे बघितलं. दोघींनाही काय दिसणार ते माहीत होतं. आजच्या दिवशी ते बघायची दोघींचीही इच्छा नव्हती.

"बाळा, तुझं मागच्या वेळी झालं आहे," डॉक्टर म्हणाल्या.

"तेव्हा मी लहान होते. आता मी नऊ पूर्ण आहे."

या हिशेबापुढं डॉक्टरांचं काही चाललं नाही. त्यांनी टोपीच्या आतली मऊ गादी काढली आणि केतकीच्या डोक्यावर टोपी बसवली. केतकी डोळे मिटून ताठ पडून राहिली. चित्र आलं. डॉ. काझींनी ते बघितलं, मग मागच्या वर्षीचं चित्र काढून शेजारी लावलं. टोपी काढून पुन्हा बसवली, पुन्हा चित्र घेतलं. मग गाडीतल्या तंत्रज्ञाला टोपी तपासायला लावली आणि तिसऱ्यांदा घेतलं.

"काय झालं, मॅडम?" प्रणितानं विचारलं.

डॉक्टर खाली बसल्या. "ही फांदी बघा. भाषेची. मागच्या वर्षी निळी होती."

ती निळी नव्हती. सगळी पांढरी झाली नव्हती, टोकं अजून उघडी होती, पण बुंध्यापासून निम्म्याहून वर पांढरा रंग चढला होता. अगदी स्पष्ट.

"माझं चुकलं," डॉ. काझी म्हणाल्या. "प्रणिता, माझं चुकलं!" आणि त्या मोठ्यानं हसू लागल्या. आपला सिद्धांत मोडला म्हणून कुणी इतकं आनंदानं हसताना प्रणितानं कधी पाहिलं नव्हतं. "तीन वर्षांची रेघ निसर्गानं ओढली नव्हती, मी ओढली होती! तीन वर्षांनंतर भरून निघत नाही, असं मी म्हणत होते. पण मोठ्या मुलांना इतके महिने सलग स्वच्छ हवा आजवर दिली होती कुणी? दिलीच नाही, तर दिसणार कुठून? हळू भरतं, एवढंच. पण भरतं!"

 प्रणितानं केतकीला छातीशी धरलं, इतकं घट्ट की पोरगी कुरकुरली. वर्षभर या मुलीला झोपलेली बघून ती तोंड फिरवून घेत आली होती. आता तिला तिच्याकडे नुसतं बघत राहावंसं वाटत होतं.

दिवाकर कामावर होता. प्रणितानं फोन लावला आणि तो केतकीच्या हातात दिला. केतकीनं सांगितलं, "बाबा, माझं झाड वाढून राहिलं." पलीकडून बराच वेळ फक्त गाळणीच्या पंख्याची घरघर ऐकू येत राहिली.

"बाबा रडून राहिले," केतकीनं जाहीर केलं.

डॉ. काझी गाडीच्या दारात जाऊन चालकाला म्हणाल्या, "आज आपण निघत नाही. उद्याही नाही. प्रणिता, शाळेत किती मुलं आहेत?"

"वरच्या वर्गांची पण आणू?"

"सगळी आणा. पहिलीपासून दहावीपर्यंत, सगळी!"

प्रणिता स्वतः शाळेत गेली. घंटा वाजायची वाट कुणी बघितली नाही. शाळेच्या फाटकापासून रुग्णालयाच्या आवारापर्यंत मुलांची रांग लागली, ढकलाढकली करत, एकमेकांना 'आधी माझा नंबर' म्हणत. पहिली चढली ती दहावीतली मोठी मुलगी, उंच, दोन जाड वेण्या वर बांधलेली. डॉक्टरांनी टोपी तिच्या डोक्यावर ठेवून बघितली, फिरवून बघितली, जरा दाबूनही बघितली. टोपी कानांच्या वरच अडकून राहिली. मुलगी ओशाळून म्हणाली, "माझं डोकं लय मोठं आहे का, मॅडम?"

"डोकं बरोबर आहे," डॉ. निलोफर काझी म्हणाल्या आणि खिशातून फोन काढून नागपूरचा नंबर फिरवू लागल्या. "टोपीच लहान केली आम्ही. थांब, मोठ्या करायला सांगते."